मालगाडीची जवारी

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मिरजेत कावळासुद्धा दबकून ओरडतो. आदल्या दिवशी सुरू झालेली मिरवणूक रात्र पालथी घालून सकाळी कधीतरी संपते, शेवटचा गणपती पाण्यात जातो, आणि गाव घरी येऊन जे आडवं होतं ते चहाच्या वेळेलाच उठतं. रत्नाकर मगदूमही पलंगावर आडवा आहे. तो काही मिरवणुकीला गेला नव्हता. मिरवणूकच खिडकीतून त्याच्याकडे आली होती, आणि अजून त्याच्या कानात एक बारीक शिट्टी वाजते आहे.

बाहेरच्या खोलीत पद्मा, त्याची बायको, गवारी मोडत बसली आहे. दाराशी तीन खोकी बांधून ठेवली आहेत. त्यांत कॅसेटी आहेत, टेप आहे आणि एक जुना स्पीकर आहे, बैलाच्या डोक्याएवढा. पाच वाजता सांगलीचा एक जण टेम्पो घेऊन येणार आणि हे सगळं घेऊन जाणार. असल्या जुन्या वस्तू हौसेने नेणारी माणसं आता निघाली आहेत म्हणे.

"एकदा नजर टाका की खोक्यांवर," पद्मा तिथूनच म्हणते. "काही ठेवायचं असलं तर काढून घ्या. मागनं हळहळू नका."

"काही नको. सगळं ने म्हणावं त्याला."

हे तो अशा आवाजात म्हणतो, की दूधवाल्याला आज अर्धाच लिटर दे म्हणून सांगतो आहे असं वाटावं. पद्मा पुढची शेंग मोडते. हा आवाज तिला उन्हाळ्यापासून पाठ झाला आहे.

उन्हाळ्यात दिलावर शिकलगार गेला. दिलावर म्हणजे रत्नाकरचा शाळेपासूनचा मित्र, सतारमेकर गल्लीत तंबोरे करणारा. हाताने तंबोरा घडवावा आणि कानाने इंग्रजी रॉक गाणी ऐकावीत, असा उलट्या खोपडीचा कारागीर. त्याच्या वडिलांनी या नादापायी कपाळावर हात मारून घेतला होता, पण कारागिरीत खोट काढता येत नव्हती म्हणून गप्प बसले. दिलावर गेला तेव्हा रत्नाकरने जनाज्याला खांदा दिला, मूठभर माती टाकली, घरी येऊन आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात लोकांचे एक्स-रे काढायला कामावर हजर झाला. रडला नाही. लोक म्हणाले, माणूस घट्ट आहे. घट्ट कसला! दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही ना, तसं त्याचं सगळं अंग होऊन बसलं आहे.

आणि गाणीही तशीच झाली. बापाचं मन रमावं म्हणून पुण्याहून लेकीने नवा, चांगला महागाचा स्पीकर पाठवला. तो टेपला जोडून त्याने त्याचं आणि दिलावरचं एक नंबरचं गाणं लावलं. ज्या गाण्याने उभ्या आयुष्यात दर वेळी त्याच्या मानेवरचे केस उभे केले, ते गाणं अर्धं होतंय न होतंय तोच तो उठला आणि नखं कापायला बसला. गाणं मेलं होतं, नाहीतर तो. दोघांपैकी नक्की कोण, हे त्याला कळत नाही. त्याला आता भीती वाटते ती एवढ्या एकाच गोष्टीची, बाकी कशाची नाही. मग ही खोकी जपून तरी काय करायचं?

बाहेर गवारी मोडण्याचा आवाज येतो आहे. कट, कट. पंखा फिरतो आहे. कट. मग तो आवाज हळूहळू लांबतो आणि त्याची कर्र कर्र होते, आणि रत्नाकर मनाशी म्हणतो, ही गवारी नव्हे, ही कानस आहे. हाडाच्या घोडीवर कोणीतरी बारीक कानस चालवतं आहे. घोडी म्हणजे तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. ती अशी घासायची की तार नुसती वाजता कामा नये, वाजून झाल्यावर भुंग्यासारखी गुणगुणत राहिली पाहिजे. त्या गुणगुणीला जवारी म्हणतात. दिलावरचा सगळा जन्म त्या गुणगुणीमागे गेला.

पंख्याच्या जागी भोपळे टांगलेले आहेत. वाळलेले, पिवळे, तंबोऱ्याचे भोपळे. पलंग तोच आहे, चादरही तीच, पण पायाशी लाकडाचा भुसा पडला आहे आणि भुशात मांडी घालून दिलावर बसला आहे.

"झोपालायस व्हय?" मान वर न करता तो विचारतो. "आज काय हाय, ध्यानात हाय का?"

"विसर्जनाचा दुसरा दिवस."

"मग? ऊठ की मर्दा."

रत्नाकर उठून बसतो. दिलावर मेलेला आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याचं आश्चर्य मात्र वाटत नाही. आश्चर्य वाटायलासुद्धा अंगात काहीतरी जागं असावं लागतं.

या दिवसाचं महत्त्व सगळ्या गावात या दोघांनाच. ऐन विशीत त्यांना शोध लागला होता की वर्षातून एका दुपारी मिरजेत कोणीही, कितीही मोठ्याने काहीही वाजवलं तरी चालतं. ढोलांनी बहिरं झालेलं गाव मेल्यासारखं झोपलेलं असतं. त्या दुपारी रत्नाकरचा टेप आणि स्पीकर दिलावरच्या कारखान्यात नेऊन ते वर्षभरात सगळ्यात जास्त वाजलेली दहा गाणी लावत, दहापासून एकपर्यंत उलटी. गाण्यांची खरी नावं त्यांना कधीच कळली नाहीत. मेडिकल कॉलेजात शिलाँगचा एक पोरगा होता, त्याच्या कॅसेटींवरून त्यांनी कोऱ्या कॅसेटी भरून घेतल्या आणि तो पोरगा डॉक्टर होऊन निघून गेला. कॅसेटींवर ना गाण्याचं नाव, ना गाणाऱ्याचं. मग यांनीच बारसं केलं. गाणारा गाल धरून विव्हळतो ते दाढदुखी. ढोलकरी मोरीत भांडी आपटल्यासारखं वाजवतो ते भांडी. ज्यात अर्धं गाणं सरेपर्यंत कोणी तोंडच उघडत नाही, त्याचं नाव उपास. आणि सगळ्यांचा बाप मालगाडी. जंक्शनमधून रिकामे डबे घेऊन निघावी तसं संथ सुरू होणारं आणि शेवटी गिटार एका सुरावर गुणगुणत राहणारं. ती गुणगुण ऐकली की दिलावर मान डोलवून म्हणायचा, बघ, साहेबाला पण जवारी कळत्या.

मोजायची रीतही कारखान्यातली. भोपळ्याला चीर गेली की तो वाद्याच्या कामातून बाद. असा एकेक बाद भोपळा एकेका गाण्याला दिलेला, आढ्याला टांगलेला. गाणं शेवटपर्यंत ऐकलं तर त्यावर कोळशाची एक रेघ. अर्धवट ऐकलं तर नाही. या बाबतीत दिलावर फार कडक होता. एकदा मधेच लाईट गेली म्हणून त्याने रेघ मारू दिली नव्हती.

"यंदाचं काय?" दिलावर विचारतो आणि काठीने एक भोपळा फिरवतो.

भोपळा कोरा आहे. दुसराही कोराच.

"काही वाजवलंच नाही," रत्नाकर म्हणतो.

"एकपण न्हाई?"

"मालगाडी लावली होती. पुरी नाही ऐकली. नखं कापली."

दिलावर हसतो. खो खो हसतो आणि हसताना खोकत नाही. शेवटच्या वर्षात त्याला खोकल्याशिवाय हसता येत नव्हतं. रत्नाकरला वाटतं, हे बघून आपल्याला बरं वाटायला हवं. तो थोडा वेळ वाट बघतो, पण काही वाटत नाही.

"असू दे. मी मोजलंय यंदाचं," दिलावर म्हणतो. "चल, गाडी लागंल."

चल म्हणेपर्यंत ते फलाटावर बसलेले आहेत. मिरज जंक्शनच आहे, पण बाकांच्या जागी भोपळे ठेवलेत आणि माणसं त्यांवर अदबीने टेकली आहेत. रूळ कोरडे, स्वच्छ, कोणी कानशीने घासून ठेवल्यासारखे. भोंग्यातून बाई सांगते आहे, नेहमीच्याच कंटाळलेल्या आवाजात: यात्रीगण कृपया ध्यान दें, क्रमांक दहा, दाढदुखी, येत आहे.

गाणं येतं. समोरून जातं. रत्नाकरला ते दिसतं, ऐकू येतं, आणि रिकाम्या डब्यांसारखं निघून जातं.

"कसं वाटलं?" दिलावर विचारतो.

"गेलं."

"भांडी बघ आता."

भांडीही जातात. मग बाई सांगते की उपास अनिश्चित काळासाठी उशिराने धावत आहे, आणि दिलावर मांडीवर थाप मारून म्हणतो, "खरंच की! त्याला येळ लागतोयच." त्याची मजा चालली आहे. शेजारच्या भोपळ्यावरच्या म्हातारीला तो सांगतो आहे की पुढं लई झकास येणार हाय, उठू नका. रत्नाकर त्याच्याकडे बघतो. खांद्यावर तोच जुना टॉवेल, नखांत तीच लाख. या माणसाची आपल्याला आठवण यायला हवी, असं त्याला वाटतं, आणि आठवण येत नाही, कारण माणूस तर शेजारीच बसला आहे.

"दोन नंबर आत हाय," दिलावर उठतो. "ये."

तो आतल्या दारातून शिरतो आणि ती एक्स-रेची खोली आहे. दिवा मंद, भिंती हिरव्या, तोच फिनेलचा वास. दिलावरने सदरा काढून खिळ्याला अडकवला आहे आणि छाती प्लेटला लावून, हनुवटी वर करून तो उभा आहे. अंगाला भुसा चिकटलेला.

"गार हाय रे प्लेट."

"हलू नका," रत्नाकर म्हणतो. "श्वास भरून घ्या. धरा."

"मला अहो-जाहो करालायस?"

"सवय."

दिलावर श्वास धरतो. रत्नाकर काचेमागे जातो, बटण दाबतो. पडद्यावर छाती उमटते, आणि त्या छातीत उजवीकडे, खाली, तो पांढरा डाग असतो. रत्नाकरने अशा हजारो छात्या बघितल्या आहेत. डॉक्टरांनी सांगायच्या आधी त्याला कळतं. तो बघत राहतो. कानातली शिट्टी थांबते. हात, पाय, जीभ, सगळीकडे ती दाढेची सुई पसरत जाते, आणि त्याच्या ध्यानात येतं की हे बधिरपण उन्हाळ्यातलं नव्हेच. हे इथूनच सुरू झालं होतं, या काचेमागे.

"आरं," प्लेटजवळून दबका आवाज येतो, "किती येळ धरू?"

रत्नाकर पडद्यावरच्या डागाकडेच बघत राहतो.

"त्या दिवशी पण असंच केलंस," दिलावर म्हणतो. त्याचे गाल फुगलेले आहेत, चेहरा लाल झाला आहे, तरी तो बोलतोच आहे. "धरा म्हणालास आणि सोडा म्हणायचं इसरलास. तवाच कळलं मला. डॉक्टरनं काय सांगायचं राहिलंच न्हाई."

"तू बोलला नाहीस कधी."

"तू पण न्हाई बोललास. आता म्हण की."

"काय?"

"सोडा म्हण. माझा जीव गुदमरालाय."

रत्नाकर काचेला हात टेकतो. रोज शंभरदा म्हणायचा शब्द आहे, पण तोंडातून निघायला फार वेळ लागतो.

"सोडा," तो म्हणतो.

दिलावर श्वास सोडतो. लांब, सावकाश, आणि त्या श्वासाने खोलीतला दिवा थोडा हलतो. "हा दोन नंबर," तो म्हणतो आणि सदरा घालतो.

ते पुन्हा पलंगावर आहेत. भुसा आता चादरीवरही पडला आहे. पद्मा रागावेल, असं रत्नाकरच्या मनात येतं.

"एक नंबर कोण, इचारू नकोस," दिलावर म्हणतो. "मालगाडीच. दुसऱ्या कुणाची टाप हाय?"

"ती मेली, दिलावर."

"कुणी सांगितलं?"

"मी ऐकली. नव्या स्पीकरवर. शेवटी गिटार गुणगुणते ना, ते राहिलंच नाही. सूर लागतो आणि बंद पडतो. पत्र्याच्या डब्यावर बोट मारल्यासारखा. तुझ्या माघारी माझ्या कानाला काहीतरी झालंय." मग तो म्हणतो, "म्हणून सगळं देऊन टाकालोय."

दिलावर कानस खाली ठेवतो. चोरून खाताना सापडलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा होतो.

"गाण्यात नव्हतीच ती," तो म्हणतो.

"काय?"

"गुणगुण. कॅसेटीत न्हाई ती. तुझा स्पीकर फाटला होता बघ, तुझ्या लग्नात, मालगाडी नुकती हाती आली होती तवा. नाचताना कुणीतरी लाथ घातली."

"तू लाख लावून चिकटवून दिलास."

"चिकटवला. पर सगळा न्हाई. सगळीकडनं भरभरालता, कुत्रं भांडल्यागत. चिकटवत चिकटवत आलो आणि तेवढ्यात तू मालगाडी लावलीस. शेवटाला एवढीशी फट ऱ्हायली होती आणि तिथं तो सूर लागला, आणि फट अशी बोलली म्हणतोस!" त्याचे डोळे चमकतात. "मग मी लाख ठेवली बाजूला. फटीत रेशमाचा दोरा घातला, तंबोऱ्याला घालतो तसा. इकडं सरकव, तिकडं सरकव. त्या एका सुरालाच बोलंल, दुसऱ्याला न्हाई, असा बसवला. तू चहा आणायला गेला होतास."

"आणि साहेबाला जवारी कळत्या म्हणून सगळीकडे सांगत फिरत होतास?"

"मग काय सांगायचं?"

"मला तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू गाणं ऐकलं नसतंस. माझा दोरा ऐकला असतास. आणि चार लोकांत माझं कौतुक करून मला नको करून सोडलं असतंस. तुझं तोंड मला ठाव न्हाई व्हय?"

इतकी वर्षं तो दर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी डोळे मिटून ज्याची वाट बघत बसला, ते कुठल्या विलायती गिटारवाल्याचं नव्हतंच. ते या माणसाच्या हातचं होतं. नव्या स्पीकरवर गाणं मेलं नव्हतं आणि रत्नाकरचे कानही ठणठणीत होते. दिलावर तेवढा त्या गाण्यात नव्हता, आणि कानांना ते बरोबर कळलं होतं.

"मग मला काही वाटत का नाही?" तो विचारतो. हे त्याने आजवर कोणाला विचारलेलं नाही. पद्मालाही नाही.

दिलावर त्याच्याकडे नीट बघतो. मग चादरीखाली हात घालतो आणि तिथून तंबोरा बाहेर काढतो, जसा काही तो रात्रंदिवस तिथेच असतो.

"इकडं ये. बोट दे."

"मला येत नाही त्यातलं."

"तुला वाजवायला कोण सांगालंय? तार दाबून धर निस्ती. मी दोरा बसवतो. मला तिसरा हात न्हाई."

रत्नाकर डाव्या हाताचं पहिलं बोट तारेवर ठेवतो. पोलादाची तार, थंड. दिलावर घोडीजवळ वाकतो आणि तारेखाली दोरा सरकवू लागतो. तार छेडतो. बंद आवाज येतो, पत्र्याच्या डब्याचा.

"दाब."

"दाबलंय."

"लागतंय का बोटाला?"

"नाही."

"मग दाबलं न्हाईस. अजून दाब."

तो दाबतो. दोरा केसभर सरकतो. दिलावरचं डोकं त्याच्या छातीजवळ आहे, केसांत भुसा आहे, आणि त्याच्या अंगाला लाखेचा आणि विडीचा वास येतो आहे.

"अजून. सोडू नकोस. मी म्हणेपर्यंत सोडायचं न्हाई."

रत्नाकर दात आवळून दाबतो. तार बोटात रुतत जाते. दिलावर तार छेडतो आणि त्या बंद आवाजाच्या आत, फार खोल, काहीतरी सुटं होतं, आणि गुणगुणायला लागतं.

"अहो. उठा. आलाय तो."

पद्मा त्याचा पाय हलवते आहे. वर पंखा फिरतो आहे. चादरीवर काही नाही. रत्नाकर उठतो, चपला न घालताच बाहेर येतो. सांगलीचा माणूस दारात उभा आहे, चाळिशीचा, हातात गाडीची किल्ली. त्याने एक खोकं उचललंही आहे.

"नमस्कार काका. तिन्ही न्यायची ना?"

"जरा धरू लागतो," असं म्हणून रत्नाकर खोक्याखाली हात घालतो, आणि कळ येऊन एकदम हात मागे घेतो. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पेरावर आडवी रेघ पडली आहे. खोल, तळाशी काळपट, पोलादी तारेने पडते तशी. एका टोकाला रक्ताचा टिपका आहे.

"खाली ठेवा ते," तो म्हणतो.

"काय झालं?"

"खाली ठेवा. मी काही देत नाही. एकही नाही."

"अहो काका, आपलं ठरलं होतं की..."

पद्मा पुढे होते. आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघते, मग त्याच्या हाताकडे. त्याचं बोट धरून ती उजेडाकडे वळवते.

"अगंबाई, हे काय लागलं? खोक्याची पट्टी लागली का?"

तो मान हलवतो.

"मग? झोपेत कशावर दाबला हात?" ती रेघेच्या कडेने हलकेच चाचपते. "दुखतंय का?"

"दुखतंय," रत्नाकर म्हणतो. "लई दुखतंय, पद्मा."

आणि परक्या माणसासमोर, भर दारात, तो ढसाढसा रडायला लागतो. सांगलीचा माणूस खोकं हळूच खाली ठेवतो. पद्मा बोट सोडत नाही.